कलम चौतीस

माझ्या मावशीच्या अंगणातलं एकही काम मावशीने स्वतः केलेलं नाही. वेलीला मांडव घातला तो नवऱ्याशी अबोला धरलेल्या शाळेतल्या एका बाईंनी. मोठ्या कुंड्यांची माती बदलली ती कामावरून काढून टाकलेल्या एका शिंप्याने. तण उपटायला तर बारा महिने कुणी ना कुणी असतंच, कारण काळजी करणाऱ्या माणसांची आमच्या गल्लीत कधी टंचाई पडलेली नाही. मावशी मधोमध खुर्ची टाकून बसते, चहाचे घोट घेते आणि मधूनच ओरडते, "अहो, मुळाशी हळू! त्याने तुमचं काय वाकडं केलंय?"

याला कारण मावशीची पानं. पत्त्यांसारखा जोड आहे, सत्तेचाळीस पानांचा, पण त्यात राजा-राणी नाहीत. प्रत्येकावर खरं वाळवलेलं पान नाहीतर फूल चिकटवलेलं आणि खाली मावशीच्या ठसठशीत अक्षरात दोन-तीन ओळी. मनात काही घेऊन आलेल्या माणसाने चपला फाटकाशी काढायच्या, अंगणातल्या कुठल्याही एका झाडाला हात लावून गप्प उभं राहायचं, आणि आतली बडबड थांबली की माती चाळायच्या चाळणीत पालथ्या पसरलेल्या पानांतून एक उचलायचं. नुसतं वाचून भागत नाही. लिहिलंय ते आधी अंगणातल्या एखाद्या झाडाला करायचं आणि मग घरी जाऊन स्वतःला. त्यामुळे अंगण असं फुललेलं असतं की विचारू नका, आणि मावशीचे गुडघे अजून शाबूत आहेत.

"भविष्य सांगता का हो?" असं कुणी विचारलं की ती खवळते. म्हणते, "मी कुंडली बघत नाही. मी कुंडी बघते."

मावशी एकतीस वर्षं एका नर्सरीत कामाला आहे. त्यातली पंचवीस तिने रोपांच्या चिठ्ठ्या लिहिण्यात घालवली. रोपाचं नाव, ऊन किती, पाणी किती, छाटणी कधी. मग चिठ्ठ्या छापणारं यंत्र आलं, मावशीची बदली कलमं बांधायच्या शेडमध्ये झाली आणि उरलेल्या जाड पिवळ्या कार्डांचा गठ्ठा ती घरी घेऊन आली. तेवढ्यात एक दिवस शेजारच्या काकू रडत आल्या. मुलगा परगावी गेलाय, दिवसातून दहा फोन करते, एकही उचलत नाही. आता समजूत काढणं मावशीला कधीच जमलेलं नाही. चिठ्ठीच्या बाहेरचं बोलायची तिला सवयच नव्हती. तिने एक कार्ड घेतलं, त्यावर लिहिलं, "पानं पिवळी पडली म्हणजे पाणी जास्त झालं. आठ दिवस काही करू नका," आणि काकूंच्या हातात ठेवलं. काकूंनी आठ दिवस फोन केला नाही. नवव्या दिवशी मुलाचाच आला, घाबरून, आई तू बरी आहेस ना म्हणून. काकूंनी ते गल्लीला सांगितलं आणि गल्लीने गावाला.

माझं म्हणाल तर माझा या सगळ्यावर काडीचा विश्वास नाही. कोर्टाच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे खरेखोटे कागद डोळ्यांखालून जातात, त्यामुळे मी कशालाच भुलत नाही. "तू लोकांच्या तोंडाला पानं पुसतेस," असं मी मावशीला तोंडावर सांगितलेलं आहे. पण आई गेल्यावर मावशीनेच मला वाढवलं आणि त्या धांदलीत तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. तेव्हा ती देईल ते मी मुकाट्याने लॅमिनेट करते. पान तीन आठवडे जाड पुस्तकाखाली वाळवून मगच आण, नाहीतर मशीनमध्ये वाफ धरते आणि फुगे येतात, हे भाषण मी तिला सत्तेचाळीस वेळा दिलेलं आहे. हे भाषण लक्षात ठेवा. पुढे मलाच महागात पडणार आहे.

मावशीचं स्वतःचं काय चालतं ते फक्त मला माहीत. रोज उजाडताना ती अनवाणी अंगणात जाते, एकेका झाडाला तळवा टेकवते आणि डोळे मिटून उभी राहते. एकदा मी विचारलं, "काय बोलतात गं तुझ्याशी?"

"काहीच नाही. म्हणून तर बरं वाटतं."

आता अर्जवाले. कोर्टाच्या फाटकाशी टेबल टाकून लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, खुलासे लिहून देणारे हे गृहस्थ चाळीस वर्षं तिथे बसतात. सगळे त्यांना अर्जवाले म्हणतात, बहुधा त्यांची मुलगीसुद्धा. उंच, सडपातळ, सदऱ्याच्या खिशाला नेहमी बटण लावलेलं. बोलतातही अर्जासारखं. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी कोर्ट अर्धा दिवस असताना ते लिंबाची कुंडी छातीशी धरून मावशीच्या फाटकात उभे राहिले आणि म्हणाले, "सदर झाड माझ्या पत्नीने लावलेलं आहे. ती हयात नाही. आणि हेही त्याच मार्गावर दिसतं."

मावशीने त्यांना रीतसर उभं केलं, गप्प केलं, पान काढायला लावलं. निघालं छाटणीचं. "वाळलेलं सगळं कापा. हात थरथरला तर थांबा, पण परत या आणि कापा." अर्जवाल्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "याविरुद्ध अपील कुठे करता येतं?"

मावशीला इतकं हसू आलं की चहा नाकातून बाहेर आला. मी स्वतः बघितलं. त्या बाईला मी लहानपणापासून ओळखते, ती हसताना तोंडावर हात धरते. त्या दिवशी हात धरायचं विसरली.

तिथून दर शनिवारी अर्जवाले हजर. पायऱ्या त्यांनी धुतल्या, फाटकाला तेल त्यांनी घातलं, पाण्याची नळी कुठे गळते ते त्यांनी शोधलं. माणूस किती दुःखी असू शकतो याला काही मर्यादा आहे. सहा महिन्यांनंतर त्यांना पान काढायचं कारणच उरलं नव्हतं, तरी काढत होते. लिंबू मात्र जेमतेम तग धरून होतं. वरून वाळलेलं, खालून हिरवट. आणि मावशी शनिवार आला की नव्या चपला घालायची, ज्या फाटकाशी काढूनच ठेवायच्या होत्या.

मग एका शनिवारी दुपारी ते माझ्या दुकानात आले. गिऱ्हाईकं जाईपर्यंत थांबले, खिशाचं बटण काढलं, एक लखोटा पुढे केला. "हे आपल्या मावशींना. पोच हवी."

मी पोच दिली आणि संध्याकाळी लखोटा मावशीला. आत टाइप केलेला कागद होता, डावीकडे समास सोडून.

"विषय : उर्वरित आयुष्य एकत्र व्यतीत करण्याबाबत.

महोदया, उपरोक्त विषयान्वये विनंती की, अर्जदार गेली दोन वर्षे दर शनिवारी आपल्या अंगणात हजर आहे. सदर कालावधीत अर्जदाराच्या झाडास एकही फळ आलेले नाही, तथापि अर्जदाराच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा आहे. याचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. अर्जदाराची मुलगी त्यास आपल्या गावी कायमचे बोलावीत असून सामान नेण्यासाठी पुढील शनिवारी टेम्पो येणार आहे. तोपर्यंत निर्णय न कळवल्यास अर्ज निकाली निघाला असे समजण्यात येईल. आपला विश्वासू."

आणि अगदी खाली : "सोबत : काही नाही."

मावशीने तो उभ्याने वाचला, बसून वाचला, मग खिडकीशी जाऊन वाचला. कान लाल झाले होते. सत्तावन्न वर्षांची बाई, नर्सरीतल्या माळ्यांवर वस्सकन ओरडणारी, आणि पदार्थविज्ञानाच्या पेपरात पास झाल्यासारखी खिदळत होती. मग तिचं बोट शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं.

"बघ गं काय लिहिलंय. सोबत, काही नाही."

"मावशी, अर्जाखाली तसंच लिहितात. म्हणजे बरोबर कागद जोडलेले नाहीत."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तरीपण."

तो आठवडा मी विसरणार नाही. रविवारी तिने चहात मीठ घातलं आणि आम्ही दोघींनी तो पिऊन टाकला, तिला कळलं नाही म्हणून आणि मला सांगवेना म्हणून. सोमवारी बँकेतल्या प्लॅस्टिकच्या फुलांना स्वतःच्या बाटलीतलं पाणी घातलं. मंगळवारी उजाडताना मी खिडकीतून बघते तर ती झाडाला तळवा टेकवून एकटीच हसत होती.

"अगं मग हो म्हण की!" मी म्हणाले. "नाहीतर पान काढ तुझ्यासाठी."

"स्वतःसाठी काढायचं नाही. हात लबाडी करतो."

"करू दे की लबाडी!"

तेव्हा तिने खरं सांगितलं. अर्जवाले दर शनिवारी लिंबाची कुंडी आणून ठेवायचे त्या कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "दोन वर्षं तो माणूस त्या झाडाला पाणी घालतोय. तिथे तिचं मूळ आहे. मी जाऊन काय म्हणू, बाई गं, जरा सरक? मला नाही तसं जायचं कुणाच्या घरी."

बुधवारी सकाळी मात्र ती पितळेचा डबा उघडून बसलेली. डब्यात एकच पान होतं. अठ्ठेचाळिसावं. हे मी कधी बघितलंच नव्हतं. झाडाच्या सालीचे दोन पातळ पापुद्रे मेणाने एकमेकांना चिकटवलेले, वर मोठ्या अक्षरात "कलम" आणि खाली : "दोन्हीकडची साल सोला. उघडी जागा उघड्या जागेला लावा. घट्ट बांधा. सहा आठवडे हलवू नका."

"हे जोडात का नाही टाकलंस?"

"भलत्याच दोघांना लागलं तर? मी काय लोकांना बांधत सुटू?" मग तिने ते माझ्या हातात दिलं. "कलमात जुनं मूळ तसंच राहतं गं. कुणाला सरकायला लागत नाही. हेच माझं उत्तर. लॅमिनेट कर आणि दे त्यांना. हाताळलं जाईल, खराब नको व्हायला."

आता माझा पराक्रम ऐका.

बुधवारी कोर्टात तारखांचा दिवस. दुकानात रांग दाराबाहेर. एकाचा कागद दुसऱ्याला जाऊ नये म्हणून मी प्रत्येक कामाला नंबराची छोटी चिठ्ठी लावते, तशी मावशीच्या पानालाही लावली. मशीन तापलेलं, तीन माणसं एकदम बोलतायत, आणि मी पान पाऊचमध्ये सरकवून आत ढकललं. पुढच्याच क्षणी वास आला. मेण! वाफेवर सत्तेचाळीस भाषणं देणारी मी, मेण वितळतं हे विसरले होते. पान बाहेर आलं तेव्हा मजकुरावर तपकिरी थर पसरलेला आणि नंबराची चिठ्ठी आत घसरून बरोबर मथळ्याच्या शेजारी जाऊन बसलेली. लॅमिनेशन एकदा झालं की झालं, ते उघडत नाही. वाचता येत होतं ते एवढंच :

"कलम ३४. साल सोला. घट्ट बांधा. सहा आठवडे हलवू नका."

मी दुसरं करायला हवं होतं. मावशीकडे जाऊन सांगायला हवं होतं. पण मान वर केली तर काउंटरवर अर्जवाले उभे, सदरा इस्त्री केलेला, चेहरा परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा. माझ्याच्याने थांबवेना. म्हटलं, हा माणूस दोन वर्षं त्या अंगणात येतोय, समजेल त्याला. पान लखोट्यात घातलं आणि म्हणाले, "मावशीचं उत्तर." त्यांनी तो खिशात ठेवला, बटण लावलं, आणि निघून गेले.

गुरुवारी ते दुकानासमोरून गेले, मान खाली घालून. शुक्रवारी बघते तर टेबलावर टाइपरायटर बाजूला सारलेला, समोर तीन जाडजूड कायद्याची पुस्तकं, हातात पेन्सिल. मला वाटलं, कामात आहेत.

आणि घरी मावशी. गुरुवारी ती चारदा फाटकापर्यंत गेली. शुक्रवारी एकदाच गेली. संध्याकाळी म्हणाली, "सोलायचं म्हटल्यावर माणूस घाबरणारच. असू दे." एवढंच. मग कुंड्यांना पाणी घालायला उठली, स्वतः. तिला वाटाण्याच्या अक्षता लावणारा हा कोण टिकोजीराव, असं मनात म्हणत मी भांडी आपटली.

शनिवारी सकाळी दुकान उघडतेय तोच टिकोजीराव हजर. दाढी अर्धवट, एका हातात लिंबाची कुंडी, दुसऱ्या हातात कागद. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीन प्रती. एक आपल्या मावशींना, एक माझ्याकडे, एक स्थळप्रत. टेम्पो साडेदहाला आहे."

मी रागाने कागद काचेवर आपटला. आपटताना वाचला.

"विषय : कलम ३४ अन्वये बजावलेल्या नोटिशीबाबत खुलासा.

सदर कलम कोणत्या कायद्यातील आहे याचा उल्लेख नोटिशीत नाही. अर्जदाराने तीन कायदे तपासले. पहिल्यात कलम ३४ मोकाट जनावरांबाबत, दुसऱ्यात विनापरवाना कुंपण ओलांडण्याबाबत आणि तिसऱ्यात सार्वजनिक जागी आरडाओरडा करण्याबाबत आहे. अर्जदार नेहमी फाटकातूनच आत आलेला आहे व ओरडल्याचे त्यास स्मरत नाही. साल सोलणे, घट्ट बांधणे व सहा आठवडे जागचे हलू न देणे ही शिक्षा अर्जदाराच्या अपराधाच्या मानाने जादा वाटते. तथापि आपणांस मनस्ताप झाला असल्यास अर्जदार मनापासून दिलगीर आहे. लिंबाचे झाड आपल्या हवाली करीत आहे. मुलीच्या घरी ऊन येत नाही."

मला पहिल्यांदा काही कळेना. मग कळलं. मग मी झेरॉक्स मशीनवर डोकं टेकवून हसायला लागले. मशीन चालूच होतं, माझ्या कपाळाच्या दोन प्रती निघाल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि पोटात दुखायला लागलं, आणि अर्जवाले समोर असे उभे होते की जणू शिक्षा आता सुनावली जातेय.

"अहो चौतीस माझा नंबर आहे!" मी ओरडले. "दुकानाचा! चिठ्ठी चिकटली माझी! कसलं कायद्याचं कलम, झाडाचं कलम आहे ते, झाडाचं!"

"झाडाचं," ते म्हणाले.

"फांदीला फांदी लावतात ते! मावशी रोज आठ तास तेच करते!"

"म्हणजे सोला, असं जे लिहिलं आहे ते…"

"तुम्हाला नाही सोलायचं हो!"

ते कागदांच्या गठ्ठ्यावर मटकन बसले. कुंडी मांडीवर. खिशाचं बटण काढलं, पान बाहेर घेतलं, आणि मी अंगठ्याच्या नखाने दाखवत दाखवत मेणाखाली झाकले गेलेले शब्द त्यांना आठवून सांगितले. उघडी जागा उघड्या जागेला लावा. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत म्हटलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी हा शब्द रोज लिहितो. मला दुसरा अर्थ सुचलाच नाही हो."

"आणि ती तीन दिवस फाटकाकडे बघत बसलीय," मी म्हणाले. "माझ्यामुळे. उठा!"

भर शनिवारी, रांग उभी असताना, मी शटर खाली ओढलं. लोक काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. स्कूटरवर मागे अर्जवाले, मांडीवर कुंडी, आणि प्रत्येक वळणावर लिंबाचे काटे माझ्या पाठीत. नर्सरीत शिरलो तेव्हा मावशी शेडमध्ये लाकडी टेबलाशी बसलेली, दोन्ही हात मेणाने माखलेले. तिने वर बघितलं. आधी मला, मग त्यांना, मग कुंडीला.

अर्जवाल्यांच्या हातात कागद नव्हता. त्या माणसाला मी कागदाशिवाय कधी बघितलेलं नाही. कुंडी छातीशी धरून म्हणाले, "अर्ज मंजूर आहे का?"

"तीन दिवस कुठे होता?" मावशी म्हणाली.

"कायद्यात."

तिला काही समजेना. मग मी सांगितलं, सगळं, मेण, चिठ्ठी, मोकाट जनावरं. मावशी ऐकत राहिली आणि मधेच कुठेतरी तिला हसू फुटलं, तेच जुनं, तोंडावर हात न धरता. हात मेणाचे होते म्हणून असेल. शेडमधले झाडून सगळे माळी बघायला जमले. अर्जवालेही हसायला लागले आणि त्यांना हसता येतं हे मला तेव्हा कळलं.

मग तिने कुंडी जवळ ओढली. बोटाने माती उकरून बघितली. "मूळ चांगलं आहे," ती म्हणाली. "वरचं गेलंय. मूळ तिचंच राहू दे. फांदी माझ्या अंगणातल्या लिंबाची लावू. चालेल तुम्हाला?"

अर्जवाल्यांनी मान हलवली. मीच म्हणाले, "चालेल म्हणतायत."

एका स्कूटरवर आम्ही तिघं आणि कुंडी असे घरी आलो. हा कुठल्या कायद्यात गुन्हा आहे ते अर्जवाल्यांना नक्की माहीत होतं, पण ते मूग गिळून बसले. त्यांनी चपला फाटकाशी काढल्या. मावशीने आपल्या लिंबाला तळवा टेकवला, जरा उभी राहिली, मग सुरीने एक कोवळी फांदी उतरवली. अर्जवाल्यांनी कुंडीतलं खोड धरलं. तिने ते वरून सपाट कापलं, मधोमध चीर दिली, फांदीचं टोक तासून आत बसवलं आणि वर पट्टी गुंडाळली. "घट्ट धरा," ती म्हणाली. "अजून." त्यांची बोटं तिच्या बोटांखाली होती आणि दोघांनीही ती गरजेपेक्षा जास्त वेळ तशीच ठेवली. मी आकाशाकडे बघत होते.

तेवढ्यात टेम्पोवाल्याचा फोन. सामान चढवून झालंय, साहेब कुठे आहेत?

"उतरवा," अर्जवाले म्हणाले. "सगळं उतरवा. सहा आठवडे हलायचं नाही असा आदेश आहे."

"कुणाचा आदेश?"

"कलम चौतीस," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सहा आठवडे त्या कुंडीला कुणी हात लावायचा नाही. अर्जवाले रोज संध्याकाळी येऊन तिच्यासमोर हात मागे बांधून उभे राहायचे. मावशीने चहात मीठ घालणं थांबवलं. आता ती साखर दोनदा घालत होती. शेजारच्या काकूंना ताकास तूर लागू द्यायचं नाही असं ठरलं होतं, पण काकूंनी मावशीच्या चपलांवरून ओळखलं, कारण त्या आता शनिवार सोडूनही नव्याच असायच्या.

बेचाळिसाव्या दिवशी सकाळी अर्जवाले टाइपरायटर घेऊन आले. "पंचनामा व्हायला हवा," ते म्हणाले. मावशीने पट्टी सोडवली. जोडाच्या वर, तिच्या फांदीवर, नखाएवढी दोन पानं आली होती, इतकी हिरवी की खोटी वाटावीत. मग टाइपरायटर वाजू लागला. सदर खोड व सदर फांदी यांचा सांधा पक्का आढळला. दोन पाने समक्ष मोजली. पंच म्हणून मी सही केली. शेवटी त्यांनी टाइप केलं, "कलम लागू झाले," आणि सवयीने त्याखाली, "सोबत :"

त्यांची बोटं तिथे थांबली. मावशीने खिशातलं पेन काढलं, चिठ्ठ्या लिहायचं जुनं, वाकली, आणि त्या रिकाम्या जागेत ठसठशीत अक्षरात लिहिलं, "मी."

मी त्याच्या तीन प्रती काढल्या. मूळ कागद लॅमिनेट करून त्यांच्या हातात दिला, पण त्याआधी पाऊचमध्ये दुसरं काही गेलेलं नाही ना, हे चार वेळा बघितलं.